अकरा डब्यांचा फ्रिज

आमच्या धंद्यात खोटं बोलायचा पगार मिळतो, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे आणि ते साफ चूक आहे. पगार खरं शोधून काढायचा मिळतो. खोटं आम्ही त्यासाठी बोलतो.

मी शेअर दलालांच्या कचेरीत विश्लेषक आहे. मोठ्या कंपन्या सगळ्यांना वाटून झाल्या की जे उरतं ते माझ्या ताटात पडतं, म्हणजे छोट्या तंत्रज्ञान कंपन्या. दर तिमाहीला या कंपन्या आपले निकाल जाहीर करतात. ते चिवडायचे, पुढे वाढ होईल की नाही याचा अंदाज बांधायचा आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तीनपैकी एक शब्द लिहायचा: खरेदी, ठेवा, विका. मी 'विका' इतक्या वेळा लिहिलंय की ऑफिसात मला विकाकाकू म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण पाठ वळेपर्यंत थांबतही नाहीत.

मागच्या तिमाहीत मी एका डबीवाल्या कंपनीबद्दल 'विका' लिहिलं आणि महिनाभरात तिचा शेअर दुप्पट झाला. ज्यांनी माझं ऐकून शेअर विकले होते त्यांच्या फोनांना साहेबांनी कसं तोंड दिलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. या वेळी निकालाची तारीख जवळ आली तसं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ही कंपनी भांडवल उभं करणार आहे," ते म्हणाले. "ते काम आपल्याला मिळायचं घाटतंय. तुमचा अहवाल मी वाचणार नाही. फक्त पहिल्या पानावरचा शब्द वाचीन."

"आणि तो नाही आवडला तर?"

"तर तळघरात नियमपालन विभागाला एक माणूस हवंय."

नियमपालन विभागात जाऊन परत आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मी मुकाट्याने कामाला लागले.

कंपनी जी डबी विकायची ती साबणाच्या वडीएवढी होती. फ्रिजला, पाण्याच्या पंपाला, कपडे धुण्याच्या मशीनला ती चिकटवायची. ती यंत्राची थरथर ऐकत बसते आणि यंत्र आजारी पडणार असेल तर आधीच फोनवर कळवते. डबी स्वस्त होती, पण दरमहा वर्गणी होती आणि कंपनीची कमाई त्या वर्गणीवर होती. आकडे दृष्ट लागण्यासारखे होते. नवी घरं दर तिमाहीला दुप्पट. वर्गणी बंद करणारे जवळजवळ शून्य. असलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कितीही चांगली वस्तू असो, काही लोक कंटाळतात, काही विसरतात, काहींचं भांडण होतं. इथे कोणीच जात नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते सापडत नव्हतं म्हणून माझा तिळपापड होत होता.

आमच्या कामाची एक रीत आहे. कंपनी काय सांगते त्यावर विसंबायचं नाही, गिऱ्हाईक होऊन जायचं. वस्तू मागवायची, किती दिवसांत येते ते बघायचं, मदतकेंद्राला फोन लावून बिनकामाचे प्रश्न विचारायचे. स्वतःच्या नावाने हे करता येत नाही, कारण विश्लेषक आलाय म्हटल्यावर कंपनी जावयासारखी सरबराई करते. म्हणून घरच्यांची नावं लावायची. आणि दर तिमाहीला वस्तू नव्याने मागवायची, कारण जुन्या गिऱ्हाइकाला नव्या गिऱ्हाइकाचा अनुभव कसा येणार? पैसे ऑफिस भरतं, 'संशोधन' या सदराखाली.

घरी सासूबाईंच्या नावाने चौथी डबी आली तेव्हा त्यांनी ती हातात धरून मला हाक मारली.

"माझ्या नावावर आणखी काय काय मागवलंयस ते एकदा सांगून ठेव. उद्या दारात पोलीस आले तर मला नीट चकित तरी होता येईल."

"आई, हे संशोधन आहे."

"मग संशोधकाचं नाव घालायला काय झालं होतं?"

"तसं चालत नाही."

"असं होय," त्या म्हणाल्या. "तरी म्हटलं, चांगलं काम असतं तर स्वतःच्या नावाने केलं असतं." आणि डबी माझ्या हातात ठेवून त्या शब्दकोड्याकडे वळल्या. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि शाळा सुटली हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी मी कंपनीत गेले. ही भेट मात्र उघड, स्वतःच्या नावाने. तीन मजली साधी इमारत. तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर कंपनी, दुसरा मजला रिकामा. डबीवाला, म्हणजे कंपनीचा प्रमुख, स्वतः जिन्यात न्यायला आला. पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला माणूस. एका फ्रिज कंपनीत वीस-बावीस वर्षं इंजिनिअर होता. मला आकडे दाखवायच्या आधी त्याने मला एका जुन्या पंपाला कान लावायला सांगितलं.

"ऐकलंत? घरघरीच्या मागे टकटक आहे. माणूस ती ऐकेपर्यंत पंप गेलेला असतो. डबीला ती महिनाभर आधी ऐकू येते."

मला काही टकटक ऐकू आली नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी मान डोलावली. मग त्याने मला वरचा रिकामा मजला दाखवला. इथे तंत्रज्ञ बसतील, इथे मदतकेंद्र, इथे खिडकीशी जेवायचं टेबल. चाळीस माणसं घ्यायची होती. जागेचा करार दहा वर्षांचा. निकालाचा कॉल, म्हणजे निकाल सांगायची फोनवरची बैठक, झाली की त्याच दुपारी सही.

"घाई नाही होत?" मी विचारलं.

"मागणी थांबत नाही हो. मला तरी कुठे वाटलं होतं एवढी वाढेल! पण तुम्हीच सगळे लिहिता ना, वाढ खरी आहे म्हणून. म्हणजे तुम्ही सोडून," तो हसून म्हणाला. मनात काही ठेवून बोलणारा माणूस नव्हता तो, हीच तर पंचाईत.

खाली उतरताना माझ्या चष्म्याची दांडी सैल झाल्याचं चष्म्यांच्या दुकानातल्या बाईंना बाहेरूनच दिसलं. त्यांनी मला आत बोलावलं, चष्मा काढून घेतला आणि बारक्या पेचकसाने दांडी घट्ट केली. पैसे घेईनात. त्या डबीवाल्यांच्या पत्नी निघाल्या.

"वरच्या मजल्याची अनामत दुकान विकून भरतोय," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "गिऱ्हाईक ठरलंय. माझ्या वडिलांनी लावून दिलेलं दुकान आहे हे. पण ह्यांचं इतकं चांगलं चाललंय म्हणतात सगळे. तुम्ही पण त्यातल्याच ना? चाललंय ना हो चांगलं?"

माझ्याकडे या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं. चित्र आशादायक आहे, पण काही जोखमी आहेत. मी तेच म्हटलं. त्यांना त्यातलं फक्त 'आशादायक' ऐकू आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी चष्मा नाकावर चढवला आणि तिथून अक्षरशः पळ काढला. मला लाज वाटत होती.

ऑफिसात आले ती तणतणतच. कॉलला दोनच दिवस उरले होते. मी मदतकेंद्राचा नंबर फिरवला. "मी एक आजी बोलतेय" हा आवाज मी छान काढते. पलीकडून ध्वनिमुद्रित बाईने सांगितलं, "आपण रांगेत सातव्या क्रमांकावर आहात," आणि पियानोची तीच ती रटाळ धून सुरू झाली. सातवी! अकरा वाजता! आता मागणी खरीच असणार, असं वाटून मी खुर्चीत मागे रेलले.

आणि ती धून मला डाव्या कानानेही ऐकू आली.

फोन उजव्या कानाला होता. डावीकडे आमचा गुणाकार बसतो. हा तरुण विश्लेषक मोठ्या यंत्रकंपन्या बघतो आणि हाती लागेल त्या आकड्याला हाती लागेल त्या आकड्याने गुणतो, म्हणून हे नाव. तो टेबलाखाली वाकून, फोनवर हात धरून बसला होता.

"काय रे, कोणाला फोन?"

"काही नाही काकू. घरचं काम."

त्याच्या फोनमधून बाई म्हणाली, "आपण रांगेत सहाव्या क्रमांकावर आहात."

मी उठले, त्याचा फोन हिसकावला आणि बंद केला. तो आ वासून बघत राहिला. माझ्या फोनमधली बाई म्हणाली, "आपण रांगेत सहाव्या क्रमांकावर आहात."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांच्याही माना साहेबांच्या केबिनकडे वळल्या. काचेआड साहेब फोन स्पीकरवर टाकून नखं कापत बसले होते आणि केबिनभर पियानो घुमत होता. मी दारात जाऊन म्हणाले, "साहेब, बाईसाहेबांचा फोन आहे, रिसेप्शनवर. आवाज चढलेला वाटला." साहेबांनी तत्काळ स्पीकर बंद केला आणि टाय सारखा करत धावले. माझ्या फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "आपण रांगेत पाचव्या क्रमांकावर आहात."

पुढचे चार जण कोण हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रस्त्यापलीकडे आमच्या प्रतिस्पर्ध्यांची कचेरी आहे, आमच्यासारखीच काचांची. त्यांच्या खिडकीशी एक गृहस्थ फोन कानाला लावून, गाल हातावर टेकवून, माझ्यासारखाच कंटाळलेला चेहरा करून उभे होते. मी हात हलवला. त्यांनीही सवयीने हलवला आणि मग चटकन पडदा ओढला.

"काकू," गुणाकार हळूच म्हणाला, "शहरात आपल्यासारख्या कचेऱ्या किती? गुणिले माणसं, गुणिले घरच्यांची नावं..."

"गुण," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्याच्या गुणाकाराचा मला राग आला नाही.

त्याने गुणलं. नव्या घरांचा आकडा आला. थोडी बाकी राहिली, फारच थोडी.

"म्हणजे ती वाढ..." तो म्हणाला.

"आपण आहोत."

मागची तिमाही आता मला लख्ख दिसली. मी 'विका' लिहिलं. विकाकाकू असं का म्हणते ते पडताळायला पन्नास कचेऱ्यांनी डब्या मागवल्या. विक्री वाढली. शेअर चढला. शेअर का चढला ते बघायला आणखी शंभर कचेऱ्या आल्या. आम्ही जितके जास्त संशयखोर, तितका त्यांचा धंदा जोरात. वर्गणी कोणी बंद करत नव्हतं, कारण ती 'संशोधन' सदरातून जात होती आणि त्या सदरात काय आहे हे हिशेबनीसांनी विचारायची आमच्याकडे पद्धतच नाही. मी कपाळावर हात मारला. नियमपालन विभागाने सुद्धा असा मूर्खपणा केला नसता.

पण एका गोष्टीचं उत्तर मिळत नव्हतं. डब्या मिळाल्यावर सुरू झाल्याचीही नोंद कंपनीकडे होती. पाकिटातली डबी सुरू कशी होईल? मी माझी डबी कुठे लावली होती ते आठवलं आणि गुणाकाराला ओढत कॉफीच्या खोलीत नेलं.

ऑफिसच्या फ्रिजच्या मागे अकरा डब्या चिकटवलेल्या होत्या. त्यातल्या तीन माझ्या. घरच्या फ्रिजला काही चिकटवलं तर घरचे ओरडतात, म्हणून ज्याने त्याने गुपचूप इथे आणून लावली होती, फोनवर 'डबी सुरू झाली' असं आलं की पडद्याचं चित्र काढलं होतं आणि अहवालात टाकलं होतं: 'बसवायला सोपी आहे काय? होय.' बाकीचे सगळे मागून येऊन आपली डबी इतरांच्या शेजारी लावून गेले होते. प्रत्येकाला वाटलं असणार, बाकीच्या डब्या फ्रिजबरोबरच आल्या असतील. जगात कुठल्या राजाच्या नाडीवर एकाच वेळी अकरा वैद्यांची बोटं नसतील.

"त्या काय सांगतायत?" गुणाकाराने विचारलं.

"कोण?"

"डब्या, काकू."

मी फोन काढला. चित्र काढल्यानंतर मी ते ॲप उघडलंच नव्हतं. उघडलं तर संदेशांची ही रांग. 'कॉम्प्रेसर अडखळतो आहे. कृपया कारागीर बोलवा.' काल तेच, परवा तेच, त्याच्या आदल्या आठवड्यात तेच. गुणाकाराच्या फोनवरही तेच. फ्रिज एक उचकी देऊन थरथरला आणि पुन्हा सुरू झाला. गेले काही दिवस कॉफीतलं दूध नासत होतं. आम्ही त्यावर उपाय म्हणून दूधवाला बदलला होता. दोनदा.

मी कारागिराला फोन केला. तो आला, मागे कान लावून म्हणाला कॉम्प्रेसर गेल्यात जमा आहे, आणि एवढ्या डब्या कशाला म्हणून विचारलं. गुणाकाराने त्याला बिनदुधाची कॉफी देऊ केली.

तर आता मला दोन गोष्टी माहीत होत्या. वाढ खोटी होती आणि डबी खरी होती. डबीवाल्याला तसाच फोन करून 'सही करू नका हो' म्हणावंसं वाटत होतं, पण ते करता येत नव्हतं. आमच्या धंद्यात बाकी काही पाळलं नाही तरी एक पाळतात: जे एकाला सांगायचं ते सगळ्यांना सांगायचं, सगळ्यांसमोर. मी साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत.

"हे बाहेर गेलं तर आपलं हसं होईल," ते म्हणाले. "आणि भांडवलाचं काम जाईल. तुम्ही कॉलवर गप्प बसणार आहात. 'खरेदी' लिहायची नसेल तर 'ठेवा' लिहा. मधला शब्द त्यासाठीच असतो."

"आणि त्याने सही केली म्हणजे? बायकोचं दुकान जातंय, साहेब."

"दुकान आपल्या यादीत नाही, मॅडम."

निकालाचा कॉल बारा वाजता होता. कंपनीचा प्रमुख आधी निकाल सांगतो, मग ऐकणाऱ्यांपैकी ज्याला प्रश्न असेल त्याने फोनवर स्टार आणि एक दाबायचं. कॉल चालवणारी बाई एकेकाला बोलू देते. पहिला माणूस म्हणाला, "उत्तम तिमाहीबद्दल अभिनंदन." दुसऱ्याने त्यात 'हार्दिक' घातलं. तिसऱ्याने विचारलं, गिऱ्हाईक सोडून न जाण्याचं रहस्य काय? डबीवाल्याने खरोखर विचार करून, अडखळत, सेवेबद्दल काहीतरी सांगितलं. मला त्याचा तो स्क्रू ड्रायव्हर डोळ्यांसमोर दिसत होता. काचेआडून साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.  या वयात तळघर काही कोणाला हवं नसतं.

मी स्टार आणि एक दाबलं.

"पुढचा प्रश्न," कॉल चालवणारी बाई म्हणाली आणि तिने माझ्या कचेरीचं नाव घेतलं. केबिनमध्ये साहेबांनी डोळे मिटले.

"अभिनंदन मी सध्या राखून ठेवते," मी म्हटलं. "माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या नव्या घरांपैकी किती घरं आत्ता या कॉलवर आहेत?"

"समजलं नाही, मॅडम."

"आम्ही सगळे तपासणीसाठी डब्या मागवतो. घरच्यांच्या नावाने. दर तिमाहीला नव्या. माझ्या एकटीच्या सात आहेत. मला वाटतं तुमची वाढ म्हणजे आम्ही आहोत."

कॉलवर कोणाचा तरी चमचा कपात फिरत होता तो ऐकू आला. मला वाटलं, तो चिडेल, किंवा वकिलाला पुढे करेल. पण तो इंजिनिअर होता. शंका आली की मोजून बघायची, एवढंच त्याला माहीत.

"एक करू या," तो म्हणाला. "ज्यांच्याकडे आमची डबी आहे त्यांनी स्टार आणि एक दाबा. आणि ताई, तुम्ही रांग किती झाली ते सांगा."

आधी काहीच झालं नाही. मग आमच्याच ऑफिसात एक बटण वाजलं, मग दुसरं. गुणाकाराने माझ्या डोळ्यांत बघून दाबलं.

"सर, रांगेत दोनशे अठ्ठ्याण्णव जण आहेत," बाई म्हणाली.

"आणि कॉलवर एकूण?"

"तीनशे अकरा, सर. त्यात आपली तेरा माणसं."

"ज्यांच्याकडे एकाहून जास्त डब्या आहेत तेवढेच थांबा, बाकीच्यांनी रांग सोडा."

आम्ही वाट पाहिली.

"सर, रांग तेवढीच आहे."

पलीकडे खुर्ची करकरली.  तीनशे लोकांच्या देखत मी एका भल्या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती आणि त्याला ओरडताही येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. मग मी एक विचारतो. तुमच्यापैकी कोणालाही विचारतो. डबी चालते का?"

तीनशे विश्लेषक. प्रत्येकाने वीसेक पानांचा अहवाल लिहिलेला. पोचायला लागणारे दिवस होते, खोक्याचा रंग होता, मदतकेंद्रातल्या बाईचा सूर होता, पुढच्या पाच वर्षांतली वाढ होती. हा रकाना कोणाच्याच अहवालात नव्हता. माझ्याही नव्हता. दोन दिवसांपूर्वी विचारलं असतं तर मीही गप्पच बसले असते.

"चालते," मी म्हटलं. "आमच्या ऑफिसचा फ्रिज मरायला टेकला होता. अकरा डब्या तीन आठवडे ओरडून सांगत होत्या. आम्ही कोणी ऐकलं नाही, दूधवाला बदलला. चूक डबीची नव्हती."

कोणीतरी फस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. तो हसला की नाही ते कळलं नाही. त्याने सगळ्यांचे आभार मानले आणि कॉल संपवला.

शेअर दुपारपर्यंत निम्म्यावर आला. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा मी टेबलावरची झाडाची कुंडी आणि पाण्याची बाटली पिशवीत भरूनच गेले. साहेब लालबुंद झाले होते.

"तळघरात जायचं?" मी विचारलं.

"तुम्हाला तिथे पाठवलं तर कारण लिहावं लागेल," ते दात ओठ खात म्हणाले. "कारण लिहिलं की चौकशी. चौकशी झाली की कोणी किती डब्या कोणाच्या नावाने मागवल्या ते निघणार."

"तुमच्या किती आहेत, साहेब?"

"माझ्या मेव्हण्याच्या नऊ आहेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला हाताने बाहेर जायची खूण केली. मी कुंडी परत टेबलावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या कचेऱ्यांनी वर्गण्या बंद केल्या. घरी सासूबाईंना चार वेगवेगळे संदेश आले, 'आपण आम्हाला सोडून जात आहात याचे वाईट वाटते.' त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "बघ, मला कधी भेटलाही नाही आणि वाईट वाटतंय त्याला. तू एवढी वर्षं या घरात आहेस."  डबीवाल्याने काय केलं असेल याच विचारात मी होते. अहवाल अजून अर्धाच झाला होता, पहिलं पान कोरं होतं.

मग त्याचाच फोन आला. मी खुर्चीतून उठून जिन्यात गेले.

"सही केली नाही," तो म्हणाला. "दुकान विकलं नाही. मिसेस म्हणाल्या, आधी त्या बाईंना फोन करा. मी म्हटलं, आधी मला रागावून घेऊ द्या. चार दिवस रागावलो. आता झालं."

"मला माफ करा," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"तुम्ही सगळे गेल्यावर उरले किती, सांगू? बावन्न."

बावन्न.  खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

"काल बसून एकेकाला स्वतः फोन केला," तो पुढे म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, आणि ते दुःख नव्हतं. "मदतकेंद्रात इतके दिवस फोन यायचे ना, सगळे विचारायचे, तुमच्याकडे माणसं किती, गर्दी वाढली का, पुढच्या तिमाहीत दर वाढणार का. मला वाटायचं, काय चौकस गिऱ्हाईकं आहेत! काल बावन्नपैकी एकानेही विचारलं नाही की आमच्याकडे माणसं किती."

"मग काय विचारलं?"

"निम्म्यांनी, डबीची बॅटरी कुठे मिळते. एका गृहस्थांनी विचारलं, शेजाऱ्यांना द्यायची आहे, आणखी एक मिळेल का? आणि एका बाई म्हणाल्या, पंप टकटक करतोय असं तुमची डबी म्हणते, मला तर काही ऐकू येत नाही, तुम्ही स्वतः येऊन ऐकाल का?"

"मग?"

"मग काय," डबीवाला म्हणाला, आणि मागे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. "निघालोय."